गिझर, सोलर, कूलर, एसी: कोल्हापूरच्या घरांतून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात या यंत्रांचं वर्ष तसं ठरलेलं आहे. शिमगा सरला की कूलर-एसी, दसरा झाला की गिझर, आणि मधले चार महिने धो धो पाऊस. बिघाडाचं मूळ मात्र यंत्रापेक्षा पाण्यातच जास्त सापडतं. बोअरच्या पाण्यातले क्षार, पुरानंतर नळाला येणारा गाळ आणि पावसाळ्यातली दमट हवा ही तिन्ही इथली नेहमीची कारणं, त्यामुळे खालच्या उत्तरांत पाण्याचा विषय पुन्हा पुन्हा येईल. विजेच्या कामाला हात घालण्याआधी एमसीबी (बोर्डातला, जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पाडा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

गिझर

गिझरची सर्व्हिस कधी करायची?

नळाच्या पाण्यावर वर्षातून एकदा, बोअरच्या पाण्यावर दर सहा महिन्यांनी. मुहूर्तच विचारत असाल तर दसरा ते दिवाळीच्या मधले दिवस. उन्हाळाभर गिझर बंद असतो, पावसाळ्यात अधूनमधून चालतो आणि पहिल्या अंघोळीच्या पहाटे घरातले सगळे एकापाठोपाठ त्याच्यावर तुटून पडतात. दमत आलेली कॉइल नेमकी त्याच दिवशी जाते, आणि त्या पहाटे मिस्त्रीही उटणं लावून बसलेला असतो.

सर्व्हिसमध्ये नेमकं काय काय व्हायला हवं?

नुसतं बाहेरून पुसून, पाच मिनिटं चालू करून दाखवणं म्हणजे सर्व्हिस नव्हे. टाकी उघडली पाहिजे.

आधी एमसीबी बंद करून टेस्टरने खात्री करावी. मग थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ सोडावा, म्हणजे आतला दाब उतरतो. पाणी तापलेलं असेल तर निवेपर्यंत थांबावं. इनलेटचा पाइप सोडवून किंवा ड्रेनचा बोल्ट काढून टाकी पूर्ण रिकामी करावी. खालचं झाकण काढल्यावर वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. परत जोडताना थर्मोस्टॅट (ठरल्या तापमानाला वीज तोडणारा) आणि कटआऊट (थर्मोस्टॅट चुकला तर वीज तोडणारा) यांच्या वायरींची अदलाबदल हमखास होते. मग फ्लँजचे, म्हणजे कॉइल बसवलेल्या चकतीचे, नट सोडवून कॉइल बाहेर घ्यावी.

कॉइलवर पांढरट, खडूसारखा थर दिसेल. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड, घालून त्यात कॉइल अर्धा-एक तास बुडवा. वायरी जोडायची टोकं पाण्याबाहेर राहू द्या. बुडबुडे येऊन थर सुटतो, उरलेला प्लॅस्टिकच्या ब्रशने निघतो. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, कॉइलच्या नळीला चर पडतात. संडास साफ करायचं ॲसिड तर अजिबात वापरू नका: त्याने क्षारांबरोबर धातूही खाल्ला जातो. टाकीच्या तळाचा चुरा पाण्याने धुऊन काढावा. टाकीला आतून काचेचा लेप असेल तर लोखंडी काही आत घालू नये.

परत बसवताना रबरी गॅस्केट नवंच घ्यावं, जुनं कितीही चांगलं दिसलं तरी. नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू आधी पूर्ण आवळली की गॅस्केट तिरपं दबतं आणि महिन्याभरात तिथून पाझर सुरू होतो. शेवटी गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरावी आणि हवा निघून सलग धार येऊ लागल्यावरच वीज चालू करावी. रिकाम्या टाकीत चालू केलेली कॉइल काही मिनिटांत जळते.

मॅग्नेशियमचा रॉड बदलायलाच हवा का? मिस्त्री उगाच सांगत नाही ना?

लोखंडी टाकीला काचेचा लेप असेल तर बदलायलाच हवा. हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो, म्हणजे टाकीचा गंज आपल्या अंगावर घेतो. उघडल्यावर तो अर्ध्याहून कमी जाडीचा राहिला असेल किंवा आतली तार दिसत असेल तर नवा घाला. रॉड संपल्यावर गंज टाकीला लागतो, आणि टाकीला भोक पडलं की दुरुस्ती नसते, गिझरच बदलावा लागतो. तांब्याच्या टाकीत हा रॉड लागत नाही.

बोअरच्या पाण्यावर कधी कधी गरम पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पाण्यातले जंतू आणि हा रॉड मिळून तो वास तयार करतात. रॉड काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नाही. थर्मोस्टॅट वर नेऊन टाकी एकदा चांगली कडक तापवा आणि ते पाणी सोडून द्या. तरी वास राहिला तर ॲल्युमिनियम-जस्ताचा रॉड घाला.

बोअरच्या पाण्याने क्षार का धरतात? नळाच्या पाण्याने का नाही?

धरतात दोन्हींनी, वेग वेगळा. काळ्या खडकातून झिरपत आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन वेगळं पडतं आणि सर्वांत गरम जागी, म्हणजे कॉइलवर, चिकटतं. ६० अंशांच्या पुढे हा प्रकार फारच झपाट्याने होतो. थर जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉइल आतल्या आत तापते आणि फुटते. गिझरमधून पापड भाजल्यासारखा तडतड आवाज येऊ लागला तर थर जाड झालाय असं समजा.

थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवावा?

५५ ते ६०. बोअरचं पाणी असेल तर ५५. १५ लिटर पाणी २२ वरून ६० अंशांपर्यंत न्यायला २ किलोवॉटच्या गिझरला सुमारे २० मिनिटं आणि पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी वीज लागते. तुमच्या गिझरला ३५-४० मिनिटं लागत असतील तर क्षार किंवा थर्मोस्टॅट, दोन्हींपैकी एक दोषी आहे.

पाणी अजिबात तापत नाही. कॉइल गेली की थर्मोस्टॅट?

आधी कटआऊटचं बारीक बटण दाबून पाहा. ते 'टक' वाजून बसलं आणि गिझर चालू झाला तर थर्मोस्टॅटने वेळेवर वीज तोडली नव्हती. थर्मोस्टॅट बदला, नुसतं बटण दाबत राहू नका. बटण बसलेलंच असेल तर मल्टिमीटर घ्या. एमसीबी पाडून, वायरी सोडवून कॉइलच्या दोन टोकांत रेझिस्टन्स मोजा. २ किलोवॉटची चांगली कॉइल साधारण २६ ओहम दाखवते, ३ किलोवॉटची १७ ते १८. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली आहे. आता एक टोक आणि कॉइलची बाहेरची नळी यांच्यात मोजा; इथे काहीही दाखवता कामा नये. दाखवलं तर कॉइल आतून फुटली आहे, आणि पाण्यात करंट उतरण्याचा धोका आहे.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडतं. बंद करून टाकू का?

अजिबात नाही. तापल्यावर पाणी फुगतं. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की जवळजवळ पाव लिटर वाढतं, आणि एनआरव्हीमुळे, म्हणजे एकाच दिशेने पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमुळे, ते मागे जाऊ शकत नाही म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. तापताना ठिबकणं हे व्हॉल्व्ह काम करत असल्याचं लक्षण आहे. गिझर थंड असतानाही ठिबकत असेल तर आत क्षार अडकलेत किंवा प्रेशर पंपाचा दाब जास्त आहे. व्हॉल्व्ह बदला. त्याला बूच मारणं म्हणजे बाथरूममध्ये बिनशिट्टीचा कुकर टांगणं.

नळाला हात लावला की झिणझिण्या येतात.

गिझर तत्काळ बंद करा, एमसीबीपासून. कॉइल फुटलेली असते आणि घराचं अर्थिंग कामाचं नसतं, तेव्हा हे होतं. एकटी कॉइल बदलून भागणार नाही. अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये सुकतो, आणि जुन्या पेठांतल्या घरांत तो कुठे आहे हेच घरच्यांना ठाऊक नसतं. शोधा, उन्हाळ्यात त्यात पाणी घाला, आणि इलेक्ट्रिशियनकडून त्याचा रेझिस्टन्स मोजून घ्या. ५ ओहमच्या आत हवा. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का पाहा. हा खर्च टाळू नका. बाकी सगळे टाळले तरी चालतील.

वायर कुठली लागते?

२ किलोवॉटला २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा पॉइंट. ३ किलोवॉटच्या इन्स्टंट गिझरला ४ चौरस मिलिमीटर. पंख्याच्या पॉइंटवरून वायर ओढून गिझर चालवू नका.

गॅस गिझर

गॅस गिझर बाथरूममध्ये बसवला तर चालेल का?

नाही. बाल्कनीत किंवा मोकळ्या बोळात, बाहेर बसवा आणि गरम पाण्याचा पाइप आत घ्या. बंद बाथरूममध्ये ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि कडी उघडण्याची ताकद राहत नाही. खिडकी आहे म्हणून चालेल असं समजू नका. डिसेंबरच्या थंडीत ती खिडकी कोणीही उघडी ठेवत नाही. ज्योत निळी असावी. पिवळी किंवा काजळी धरणारी ज्योत दिसली की गिझर बंद करून बर्नर साफ करून घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळालेला गॅस जमिनीलगत साठतो, म्हणून सिलिंडरच्या जागेला खालच्या बाजूने झरोका हवा. 'सुरक्षा' नळी दर पाच वर्षांनी बदला, तिच्यावर वर्ष छापलेलं असतं.

टिकटिक वाजतं, पण पेटत नाही.

आधी दोन्ही मोठे सेल नवे घाला, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग पाण्याच्या इनलेटची जाळी काढून धुवा. टिकटिकच वाजत नसेल तर पाण्याचा दाब कमी असतो: बहुतेक मॉडेलना नळापासून टाकीतल्या पाण्याची पातळी किमान अडीच-तीन मीटर उंच लागते. स्लॅबवर विटांच्या दोन थरांवर ठेवलेली टाकी त्याच मजल्याला पुरत नाही. आतला रबरी पडदा फाटला असेल तरीही हेच होतं.

सोलर

कोल्हापुरात सोलर वॉटर हीटरच्या नळ्या कुठल्या दिशेला आणि किती उतारावर असाव्यात?

दक्षिणेकडे तोंड. आपलं अक्षांश साधारण १६.७ अंश; हिवाळ्यातला सूर्य खाली असतो म्हणून त्यात दहा-बारा अंश वाढवून २७ ते ३० अंशांचा उतार ठेवतात. शेजारच्या इमारतीची सावली डिसेंबरमध्ये तपासा, मे महिन्यात नव्हे.

सकाळी पहिली बादली गारच येते.

पाऊण इंची पाइपात मीटरला पाव लिटर पाणी मावतं. टाकीपासून नळापर्यंत १५ मीटर पाइप असेल तर जवळजवळ चार लिटर गार पाणी आधी यायचंच. ते बादलीत धरून ठेवा, विसळायला होतं. पाइपाला फोमचं आवरण घाला, ऊन लागणाऱ्या भागावर वरून पत्रा किंवा टेप; नुसता फोम उन्हाने दोन वर्षांत चुरतो.

पण पहिली बादली संपूनही पाणी कोमटच राहत असेल तर कारण वेगळं. गरम-गार पाण्याचा मिक्सर चालू सोडलेला आणि त्याच्या पुढचा हँडशॉवर तेवढा बंद, असं कुठल्या तरी बाथरूममध्ये आहे का पाहा. गार पाण्याची लाइन जास्त दाबाची असते, तिथून ते गरम लाइनमध्ये घुसतं आणि घरभर कोमट पाणी फिरतं. सोलर टाकी उघडून बघणारे मिस्त्री हे क्वचितच तपासतात. मिक्सर बंद करा, नाहीतर गरम लाइनला एनआरव्ही टाका.

नळी खराब झाली हे कसं ओळखायचं?

खालच्या टोकाचा आरशासारखा चंदेरी रंग दुधाळ पांढरा झाला की आतली पोकळी गेली. तेवढी एक नळी बदला, सगळा सेट नको.

नळ्या कधी आणि कशा धुवाव्यात?

बाहेरून महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने. ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात तेव्हा काळी राख उडून गच्चीवर येते, त्या दिवसांत आठवड्याला एकदा. आतून वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, कारण पावसाळ्यातला गढूळ गाळ नळ्यांच्या तळाशी बसतो. टाकी रिकामी करा, सिलिकॉनच्या रिंगला साबणाचं पाणी लावा आणि नळी हलकेच फिरवत वर सरकवून काढा.

हे काम उजाडायच्या आत संपवा. रिकामी नळी उन्हात १५० अंशांच्या पुढे तापते. तिच्यात गार पाणी शिरलं की काच फुटते. टाकीचं पाणी संपून दुपारभर नळ्या कोरड्या राहिल्या असतील तर संध्याकाळी, त्या गार पडल्यावरच पाणी सोडा. पुरामुळे चार-पाच दिवस पाणी बंद राहतं तेव्हा नळ्यांवर जुनी चादर टाकून ठेवा.

टाकीला खड्डा पडला, कशाने?

एअर व्हेंट बुजल्याने. पाणी काढलं जातं तेव्हा आत हवा यायला वाट नसली की पत्रा आत ओढला जातो. व्हेंटच्या तोंडाशी कुंभारमाशीचं मातीचं घर सापडतं बऱ्याचदा.

घरी तांब्याचा बंब आहे. त्याचं काय?

वापरा, बंबासारखं टिकाऊ काही नाही. पाणी भरल्याशिवाय जाळ घालू नका, डाग दिलेले सांधे सुटतात. नळी आणि जाळी यांतली राख रोज काढा, आतला क्षार चिंचेच्या पाण्याने निघतो. आणि बंब बंद न्हाणीघरात पेटवायचा नाही. गॅस गिझरच्या वेळी सांगितलेला कार्बन मोनॉक्साइड करवंट्या-शेणीच्या धुरातही असतो.

कूलर

एप्रिलमध्ये गारवा देणारा कूलर जूनमध्ये का चालत नाही?

कूलर पाणी सुकवून हवा गार करतो, आणि दमट हवेत पाणी सुकत नाही. बाहेर ३८ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर चांगला कूलर २६ अंशांच्या आसपास हवा देतो. पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला जेमतेम अडीच अंश कमी होतात, वर अंथरूण ओलसर. वळवाचे दोन पाऊस झाले की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. आणि कूलर खिडकीत, पाठ बाहेर ठेवून लावा. समोरची खिडकी थोडी उघडी हवी. बंद खोलीत कूलर म्हणजे वाफारा.

गवताची जाळी बरी की हनीकोम्ब (पोळ्यासारख्या भोकांचा पॅड)?

गवत स्वस्त, पण दर हंगामाला बदलायचं. हनीकोम्ब दोन-तीन हंगाम टिकतो, पण बोअरच्या पाण्यावर त्याची भोकं क्षारांनी बुजतात. पाणी सुकतं, क्षार टाकीतच राहतात आणि पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. रोज नुसती भर घालू नका, दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण सोडून द्या.

डेंग्यूच्या डासांसाठी काय करायचं?

आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी करा आणि कडा काथ्याने घासा. नुसतं पाणी बदलून उपयोग नाही: या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटतात, सुकली तरी महिनोन्‌महिने जगतात आणि पाणी आलं की फुटतात. हंगाम संपल्यावर कूलर घासून, पूर्ण सुकवूनच माळ्यावर टाका. पाणी भरताना प्लग काढा, पत्र्याच्या कूलरला तर नक्कीच.

एसी

दरवर्षी गॅस भरावा लागतो का?

नाही. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, बहुधा फ्लेअर नटाच्या (तांब्याचे पाइप जोडणाऱ्या नटाच्या) जोडातून किंवा कॉइलला पडलेल्या बारीक भोकातून. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा जातो.

नीट काम असं असतं: नायट्रोजनचा दाब देऊन जोडांवर साबणाचा फेस लावून गळती शोधायची, ती बंद करायची, व्हॅक्युम पंपाने लाइन ५०० मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्युमचं माप) ओढायची, आणि मग आउटडोअर युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतका गॅस वजनकाट्यावर भरायचा. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो, त्यामुळे नुसत्या गेजवर बघून भरलेला गॅस अंदाजपंचे असतो. वजनकाटा आणि पंप न घेता आलेल्या माणसाला चहा द्या आणि परत पाठवा. पंपाऐवजी थोडा गॅस सोडून लाइनमधली हवा 'उडवली' तर ओल आत राहते, तेलात आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर दोन-तीन वर्षांत जातो. काही एसींत असणारा आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो. त्याच्या कामाच्या वेळी खोलीत देवाची निरांजनंही नकोत.

इनडोअरमधून पाणी गळतं.

दहापैकी बहुतेक वेळा ड्रेनचा पाइप शेवाळाने बुजलेला असतो. पाइपाच्या बाहेरच्या टोकाला व्हॅक्युम क्लीनर लावून ओढा. टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नसावं, आणि पाइपाला मधे कुठेही चढ नसावा. हे ठीक असून गळत असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय का पाहा: कारण घाण फिल्टर किंवा कमी गॅस.

फिल्टर आणि वॉशिंग किती दिवसांनी?

फिल्टर उन्हाळ्यात दर १५ दिवसांनी, साध्या पाण्याने, सावलीत सुकवून. पाण्याचं वॉशिंग वर्षातून एकदा, होळीच्या आधी. रंगपंचमीनंतर सगळ्यांचेच एसी एकदम काढले जातात. वॉशिंगच्या वेळी पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) प्लॅस्टिकने झाकलाय का, ते समोर उभं राहून बघा. तपमान २४ वर ठेवा. नव्या स्टार लेबलच्या एसीत २०२० पासून सुरुवातच २४ ने होते.

आउटडोअरचा पीसीबी वारंवार का जातो?

पाली आणि मुंग्या. पावसात उबेसाठी आत शिरतात आणि टर्मिनलवर चिकटून शॉर्ट करतात. वायर आत जाण्याचं भोक पुट्टीने बंद करा, पण हवा सोडणाऱ्या जाळ्या बंद करू नका.

पूर

पुराच्या आधी काय हलवावं?

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ साली ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांनी ३९ फुटांचा आकडा ऐकताच कूलर, गॅस गिझरचा सिलिंडर आणि स्टॅबिलायझर वर न्यावेत. जमिनीवरच्या आउटडोअरचा एमसीबी पाडा. हंगामाआधी आउटडोअर भिंतीवर ब्रॅकेटवर घ्यायचा असेल तर काम मे महिन्यात उरकून घ्या.

आउटडोअर पाण्यात बुडाला. सुकल्यावर चालू करू का?

चालू करू नका, आठवड्याने सुकला तरी. आतला कॉम्प्रेसर सीलबंद असतो, तो बहुधा वाचतो. पीसीबी, पंख्याची मोटर आणि कपॅसिटर मात्र चिखलाने खराब होतात, आणि वीज दिली की वाचलेला कॉम्प्रेसरही सोबत जातो. आधी गोड्या पाण्याने चिखल धुवा, पंख्याच्या हवेत पूर्ण सुकवा, मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) कॉम्प्रेसरचं इन्सुलेशन तपासून घ्या. बुडालेल्या गॅस गिझरचा व्हॉल्व्ह पुन्हा वापरू नका. विजेचा गिझर बुडाला असेल तर त्याच्या फोममध्ये शिरलेलं पाणी बाहेर निघत नाही आणि टाकी बाहेरून गंजते. त्याच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

नळाला पुन्हा पाणी आलं की पहिले दोन दिवस गिझर आणि सोलरचे इनलेट कॉक बंदच ठेवा. वरची टाकी धुवा, दुसऱ्या नळातून गढूळ पाणी सोडून द्या, बादलीत तळ स्वच्छ दिसू लागला की मग कॉक उघडा.